नाण्यावरचे हात

नाणे हे इतिहासाचे साधन आहे, असे आपण वर्गात सांगतो. पण त्याची साक्ष कशी घ्यायची, हे क्वचितच सांगतो. रोमन सम्राटांची नाणी त्यासाठी उत्तम उदाहरण आहेत.

या नाण्यांच्या दर्शनी बाजूस सम्राटाची छबी आणि मागे बहुधा एखादे प्रतीक असे : तराजू घेतलेली न्याय्य व्यवहाराची देवता किंवा पंख पसरलेली विजयदेवता. छापखाना नसलेल्या त्या काळात सम्राटाचे म्हणणे सैनिकाच्या आणि दुकानदाराच्या हाती अशा प्रकारे पोचे. अर्थात ते सम्राटाचे म्हणणे असे, वस्तुस्थिती नव्हे.

इ. स. ९६ मध्ये सम्राट डोमिशियनचा खून झाला. त्याने सैनिकांचे वेतन वाढवले होते, त्यामुळे सैन्यात त्याच्याविषयी आपुलकी होती. त्याच्या जागी सिनेटने वृद्ध नर्व्हाला बसवले. नर्व्हाच्या नाण्यांवर हातात घेतलेला हात दिसतो आणि भोवती 'सैन्यांची एकजूट' अशा अर्थाची लॅटिन अक्षरे. हे पाहून सैन्य त्याच्या पाठीशी होते, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात ९७ मध्ये त्याच्याच रक्षकदलाने बंड करून डोमिशियनचे मारेकरी ताब्यात मागितले आणि नर्व्हाला नमावे लागले. त्याच वर्षी ट्रेजन या सेनानीला दत्तक घेऊन त्याने आपले आसन सावरले.

सम्राट गॅलिएनसच्या काळात (२५३ ते २६८) तर अनेक सेनानींनी स्वतःलाच सम्राट घोषित केले. तरी त्याची नाणी 'सैनिकांची निष्ठा' मिरवतात. येथे रसायनशास्त्र मदतीला येते. ऑगस्टसचे चांदीचे नाणे जवळजवळ शुद्ध होते. गॅलिएनसच्या अखेरच्या वर्षांत मात्र नाण्यातील चांदी ५ टक्क्यांच्याही खाली गेली. आत मुख्यतः तांबे, वर चांदीचा पातळ थर. म्हणून केवळ पृष्ठभाग तपासून भागत नाही, आतला धातूही पाहावा लागतो.

मग सारीच प्रतीके पोकळ मानायची का? तसेही नाही. ट्रेजनच्या नाण्यांवर पराभूत डेशियन दिसतो, आणि १०६ मध्ये ट्रेजनने डेशिया खरोखरच जिंकला होता. कोणती घोषणा खरी, हे एकटे नाणे सांगत नाही. त्यासाठी दुसरा पुरावा लागतो.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. नर्व्हाच्या नाण्याचे चित्र फळ्यावर काढा, अक्षरांचा अर्थ सांगा आणि मुलांना निष्कर्ष लिहू द्या. ९७ सालची हकिकत त्यानंतरच सांगा.