खासगीचा हिशेब : प्रस्तावना

मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘खासगी’ हा शब्द वारंवार भेटतो. दौलतीचा जमाखर्च एकीकडे आणि राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा जमाखर्च दुसरीकडे; या दुसऱ्या खात्याला खासगी म्हणत. पुण्यातलं खासगीवाले हे आडनाव त्याच व्यवस्थेतून आलं. होळकरांकडे ही विभागणी पक्की होती. अहिल्याबाईंनी काशीपासून सोमनाथपर्यंत जी देवळं आणि घाट बांधले, त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा खासगीतून गेला. त्या खात्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या वह्या होत्या, त्या लिहिणारे कारकून होते. मात्र त्या वहीत हात घालायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नव्हता.

म्हणूनच या पुस्तकात ‘प्रायव्हसी’साठी मी सर्वत्र ‘खासगीपण’ हा शब्द वापरला आहे. वर्तमानपत्रांत ‘गोपनीयता’ रूढ आहे, पण गोपनीय म्हटलं की गुपित आलं आणि गुपित म्हटलं की संशय आला. ‘मी कुठे कुणाचं काही लुबाडलंय? माझी माहिती घेतली तर घेऊ देत,’ असं कुणीतरी म्हणाल्याशिवाय या विषयावरची चर्चा संपत नाही. त्या माणसाला मी एवढंच विचारतो, की तुमच्या घराचा जमाखर्च तिसऱ्याने लिहून ठेवला आणि तुम्हाला न दाखवता चौथ्याला विकला, तर चालेल का? इतक्या वर्षांत ‘चालेल’ असं उत्तर मला मिळालेलं नाही.

हा विषय संगणकाच्याही आधीचा आहे. १८९० साली बोस्टनमधल्या सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या वकिलांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला, तेव्हा त्यांच्यासमोर झटपट फोटो काढणारे कॅमेरे आणि लोकांच्या घरात डोकावणारी वर्तमानपत्रं होती. १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयाने जनगणनेच्या खटल्यात सांगितलं, की आपल्याविषयीच्या माहितीचं काय व्हावं हे ठरवणं हा माणसाचा स्वतःचा हक्क आहे. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही असं सांगणारं १९७६ च्या जबलपूर निकालातलं बहुमत चुकीचं ठरवलं, आणि त्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ती पानं मुळातून वाचावीत.

कंपन्यांचा धंदा कसा चालतो, हे मात्र कायद्याच्या पुस्तकांतून कळत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या अभियंत्याने ‘कुकी’, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, तयार केली. ऑनलाइन दुकानात ग्राहकाने टोपलीत काय ठेवलं, हे पान बदलल्यावरही दुकानाला आठवावं, एवढाच तिचा हेतू होता. एका दुकानाची कुकी दुसऱ्या दुकानाला वाचता येऊ नये, याचीही त्याने काळजी घेतली होती. जाहिरात कंपन्यांनी त्यातून पळवाट काढली. शेकडो संकेतस्थळांवर त्यांचीच जाहिरात असेल, तर त्या प्रत्येक ठिकाणी त्यांचीच कुकी वाचली जाते आणि एका माणसाचा दिवसभराचा माग एका वहीत जमा होतो. सेवा देण्यासाठी लागते त्याहून जास्तीची ही जी माहिती उरते, तिच्यावरच पुढचा सगळा डोलारा उभा राहिला. शोशाना झुबॉफ यांनी २०१९ च्या आपल्या ग्रंथात याला ‘पाळतीची भांडवलशाही’ म्हटलं. मराठीत ‘सरप्लस व्हॅल्यू’साठी वरकड मूल्य हा शब्द आपल्या हाताशी आहेच. त्याच चालीवर मी या उरलेल्या माहितीला ‘वर्तनाचा वरकड’ म्हटलं आहे.

या कंपन्यांचा मोह होता, म्हणून मोहभंग झाला, हे विसरून चालणार नाही. २००४ मध्ये जीमेल आली तेव्हा एक जीबी जागा फुकट मिळणं हे नवल होतं. मोबाइलवर मराठी लिहायला लाखो लोक शिकले ते या कंपन्यांनी दिलेल्या कळफलकांवर, आणि परदेशी गेलेली मुलं घरच्यांना रोज दिसू लागली ती यांच्याच ॲपमुळे. ते ऋण नाकारून लिहिलेला कुठलाही अभ्यास खोटा ठरेल. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी सरकारच्या पाळतीचे कागद बाहेर काढले, २०१८ मध्ये फेसबुकवरच्या लोकांची माहिती राजकीय प्रचारासाठी वापरल्याचं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघड झालं आणि लोकांचा विश्वास हळूहळू उडत गेला. भारतात या अविश्वासाला तोंड फुटलं जानेवारी २०२१ मध्ये. व्हॉट्सॲपने नव्या अटी मान्य करा, नाहीतर खातं चालणार नाही असं कळवलं. युरोपातल्या लोकांसाठी अटी वेगळ्या होत्या, कारण तिथे २०१८ पासून जीडीपीआर हा माहितीच्या संरक्षणाचा कडक कायदा लागू होता.

त्या महिन्यात आमच्या घराण्याचा त्रेचाळीस जणांचा गट व्हॉट्सॲप सोडून सिग्नल या दुसऱ्या निरोपाच्या ॲपवर गेला. मावशीच्या फोनवर मी स्वतः ॲप घालून दिलं, मराठी भाषा निवडून दिली. होळीपर्यंत गट परत जुन्या जागी आला होता. कुणी भांडलं नाही, कुणी ठरवलंही नाही. मावशीने सांगितलेलं कारण मी टिपून ठेवलं आहे: दूधवाला महिन्याचा हिशेब जुन्या ॲपवरच पाठवतो, मग दोन दोन ठिकाणी कोण बघणार?

या एका वाक्यात या क्षेत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. साबण बदलायचा तर एकट्याने बदलता येतो. निरोपाचं साधन बदलायचं तर दूधवाला, शाळा, सोसायटीचा सेक्रेटरी आणि मंगल कार्यालय, सगळ्यांनाच बदलावं लागतं. कंपन्यांची खरी तटबंदी इथे आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी व्हॉट्सॲपच्या याच अटींवरून त्याची मालक कंपनी मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला, तो बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर म्हणून. पुढे प्रकरण अपिलात गेलं. खासगीपण आणि मक्तेदारी हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवू नयेत, असं माझं ठाम मत यातूनच झालं आहे.

२०२१ च्या त्या जानेवारीत एक गैरसमजही पसरला होता, की आता आपले निरोप वाचले जाणार. तसं नव्हतं. २०१६ पासून व्हॉट्सॲपचे निरोप कुलूपबंदच जातात, आणि ते कुलूप सिग्नलच्याच लोकांनी घडवलेलं आहे. प्रश्न आहे निरोपाभोवतीच्या नोंदींचा. एखाद्या घरातून तीन दिवसांत आधी कर्करोग रुग्णालयाला, मग विमा एजंटाला, मग सोने तारण कर्जाच्या खिडकीला फोन गेले, तर संभाषण ऐकायची गरजच राहत नाही. २०१६ मध्येच अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका ग्रँड ज्युरीच्या आदेशाने सिग्नलकडे दोन फोन क्रमांकांची माहिती मागवली गेली; त्यांपैकी एकाच क्रमांकाचं खातं होतं. सिग्नलला देता आल्या त्या दोनच गोष्टी: खातं कधी उघडलं, आणि ते शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही त्यांनी जमवलेलंच नव्हतं. न जमवलेली माहिती फुटत नाही, विकली जात नाही आणि आदेशाने ओढूनही नेता येत नाही.

पर्यायांचं कौतुक करताना त्यांच्या मर्यादाही या पुस्तकात लिहिल्या आहेत. फायरफॉक्स हा ब्राउझर मराठीत आहे आणि त्याच्या भाषांतरात स्वयंसेवकांचे कष्ट आहेत, पण त्याच्या निर्मात्यांचं बरंचसं उत्पन्न गुगलकडून येतं. प्रोटॉन मेल या ईमेल सेवेला २०२१ मध्ये स्विस आदेशावरून एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. सिग्नल देणग्यांवर चालतं आणि त्याचा वर्षाचा खर्च कोट्यवधी डॉलरांचा आहे. तरीही वाट आहे, हे दाखवणारी उदाहरणं कमी नाहीत. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिब्रेऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्याचं जाहीर केलं. आणि विकिपीडिया, मराठीसकट, आजही एकही जाहिरात न दाखवता चालतो.

आमच्या गटाची गोष्ट होळीला संपली नाही. वडिलांचं आजारपण सुरू झालं तेव्हा त्यांचे रिपोर्ट कुठे पाठवायचे हा प्रश्न आला आणि आम्ही चार भावंडांनी सिग्नल पुन्हा उघडलं. घराची कागदपत्रं, मृत्युपत्राचा मसुदा, डॉक्टरांशी झालेलं बोलणं आता तिथेच असतं. दूधवाला जुन्या जागीच आहे. सगळं एका दिवसात सोडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यातले बरेच परत आलेलेही. आधी खासगीचं खातं वेगळं काढणारे मात्र टिकतात.

खासगीपणाच्या क्षेत्रात येण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. इथे वकील हवेत, अर्थतज्ज्ञ हवेत, आणि भाषेचे अभ्यासक तर फार हवेत, कारण ‘मी सहमत आहे’ या बटणामागचा मजकूर कळेल अशा मराठीत अजून फारसा कुणी लिहिलेला नाही. शिक्षकांनी दुसरं प्रकरण वर्गात घ्यावं. ज्यांना तंत्राची भीती वाटते त्यांनी चौथ्यापासून सुरुवात केली तरी हरकत नाही.

पहिलं पान उलटण्याआधी एक करा. फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्यांची यादी उघडा आणि तुमचा ठावठिकाणा, संपर्क आणि मायक्रोफोन कोणकोणती ॲप वापरतात ते कागदावर लिहून काढा. ती यादी पुस्तकात खूण म्हणून ठेवा. वाचताना ज्या नोंदीपुढे फुली मारावीशी वाटेल तिथे मारा, आणि माझं काही चुकलं असेल तर जरूर कळवा; पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन.