बोरघाटातले वळण आणि आसावरची दोन चाके

बोरघाट म्हटला की आपण राजमाची, नागफणी, नाही तर कार्ल्याचे लेणे यांच्या गोष्टी सांगू लागतो. आज त्या बाजूला ठेवू आणि एक अगदी साधा प्रश्न घेऊ. एकाच आसावर दोन चाके आहेत आणि गाडीला वळायचे आहे. तर ती दोन चाके वळतात कशी?

प्रश्न पोरकट वाटेल. पण हिशेब करून बघा. दोन चाकांत सहा फूट अंतर आहे असे धरा. गाडी अर्धे वर्तुळ करून उलट दिशेला वळली, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जवळजवळ एकोणीस फूट जास्त चालते. वळण अरुंद असो की ऐसपैस, हा फरक तेवढाच राहतो. गुरुजनांनी फळ्यावर दोन अर्धवर्तुळे काढून मुलांकडून हे काढून घ्यावे. चाकांमधल्या अंतराला ३.१४ ने गुणले की झाले. आता एक चाक एकोणीस फूट मागे आणि आस दोघांचा एकच, म्हणजे कुठेतरी काहीतरी सुटे असायला हवे, नाही तर चाक फरफटेल.

मावळाच्या या घाटाने या प्रश्नाची तीन उत्तरे पाहिली आहेत.

पहिले उत्तर बैलगाडीचे. घाटातून माल पूर्वी जनावरांच्या आणि माणसांच्या पाठीवरून जाई. चाकाच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला केला. त्या काळचा एक पूल पुढे अमृतांजन पूल म्हणून सर्वांच्या ओळखीचा झाला, आणि तो एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. या रस्त्यावर आलेल्या बैलगाडीला वळणाची अडचणच नव्हती. तिचा आस गाडीला घट्ट, चाके त्यावर मोकळी, आणि मध्ये वंगण. चाकांना कोणी फिरवत नाही. बैल गाडी ओढतात आणि ज्या चाकाला जेवढे चालावे लागते तेवढे ते चालते.

दुसरे उत्तर आगगाडीचे, आणि ते मोठे महाग पडले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांनी या मार्गाची आखणी केली. घाटाचे काम १८५६ पासून सुरू होते. पहिल्या ठेकेदाराने १८५९ मध्ये काम सोडले, त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजाराने वारला, आणि ठेका त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने, पुरा करून घेतला. कामावर एके काळी चाळीस हजारांहून अधिक माणसे होती. पटकीने आणि अपघातांनी त्यांतली हजारो दगावली. अ‍ॅलिसबाईंचे नाव तरी राहिले, या मजुरांची नावेही कोणी टिपून ठेवली नाहीत. आज गाडीच्या खिडकीतून धबधबे मोजणाऱ्यांनी बोगद्यात शिरताना एवढे मनात आणावे. १८६३ च्या एप्रिलमध्ये घाटाचा मार्ग खुला झाला.

आगगाडीची दोन्ही चाके आसाला पक्की जखडलेली असतात. मग ती वळते कशी? तिच्या चाकाची धाव सपाट नसते, किंचित निमुळती असते. आपल्याकडे उतार विसास एक असा असतो. वळणावर चाकांची जोडी बाहेरच्या बाजूला थोडी सरकते, म्हणून बाहेरचे चाक आपल्या जाड भागावर आणि आतले बारीक भागावर चालते. फेरे दोघांचे सारखे, पण अंतर वेगवेगळे! मात्र ही युक्ती बेताच्या वळणालाच पुरते. वळण फार आवळले की चाक रुळावर घासते आणि किंचाळते. म्हणून घाटात जिथे वळायला जागा नव्हती तिथे रेल्वेने वळण टाळले. गाडी एका टोकाला आत नेऊन तिथून उलट दिशेने बाहेर काढीत. ही उलटापालट १९२९ साली, विजेच्या गाड्यांसाठी मार्ग बदलला तेव्हा संपली.

तिसरे उत्तर मोटारीचे. इथे चाकांना इंजिन स्वतः फिरवते, म्हणून बैलगाडीसारखी मोकळीक चालत नाही. आणि रस्ता आगगाडीच्या मार्गापेक्षा कितीतरी वाकडा, म्हणून आगगाडीसारखी जखडणही चालत नाही. यावरची युक्ती पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर या कारागिराने वाफेच्या गाडीसाठी काढली ती १८२७-२८ च्या सुमारास, म्हणजे माल्कमचा रस्ता होण्याच्या दोन-तीन वर्षे आधी. तिला डिफरन्शियल म्हणतात. ट्रकच्या मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी फुगवटा दिसतो, त्यात ते बसलेले असते.

त्याचे कार्य समजायला आपले जू पुरे आहे. जू मधोमध एका खिळीवर फिरते आहे असे समजा. एक बैल चार पावले पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला, तरी मधली खीळ दोघांच्या सरासरीने पुढे जाते. डिफरन्शियलमध्ये हेच काम दातेरी चाके करतात. वळणावर आतले चाक जेवढे मंदावते तेवढेच बाहेरचे वेग घेते. पण याच जुवात खोडही आहे. एक बैल अजिबात ओढीनासा झाला तर दुसरा कितीही दणकट असो, जू नुसते गरगरते आणि गाडी जागची हलत नाही. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो. त्या चिखलात ट्रकचे एक चाक रुतले की तेच फिरत राहते आणि कोरड्या जमिनीवरचे चाक स्वस्थ उभे असते. भरलेला ट्रक चढावर असा अडकला की मागे किती वाहने खोळंबतात, ते घाटात राहणाऱ्यांना सांगायला नको.

भातखाचरात ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना यावरचा उपाय ठाऊक आहे. डिफरन्शियल लॉकचा पट्टा पायाने दाबला की दोन्ही चाके एक होतात. पण लॉक सरळ जातानाच लावावे. तो अडकलेला असताना वळायला गेलात तर ट्रॅक्टर वळणार नाही, सरळच रेटेल. बांधाच्या कडेला ही गोष्ट जिवावर बेतू शकते.

म्हणजे एकीकडे पुरती मोकळीक, दुसरीकडे पुरती जखडण. यांच्या मधले काही नाही का? आहे, आणि ते तेलात आहे.

ट्रकमधले नव्वद नंबरचे तेल दात्यांचे घर्षण कमी करते, बाकी कारभारात ते ढवळाढवळ करीत नाही. पण सिलिकोनचे घट्ट तेल बंद डबीत भरले, तर आतल्या चाकांना त्यातून फिरताना जोर लागतो. गाडी सरळ जात असताना दोन्ही चाके सारखी फिरतात, आतले दाते एकमेकांत हलत नाहीत आणि तेल निवांत असते. एक चाक पळू लागले की तेल आडवे येते. हाच गुण वापरून तेल आणि पातळ चकत्या यांची जोडणी मोठ्या मोटारीतही बसवण्यात आली. १९७९ साली अमेरिकेत निघालेल्या एएमसी ईगल गाडीत ती होती.

मात्र तेल बदलून गाडीचा स्वभाव बदलण्याची खरी हौस फिटते ती रिमोटवर चालणाऱ्या लहान ट्रकांत. खेळणे म्हणून नाक मुरडू नका. चारही चाके ओढणाऱ्या चांगल्या ट्रकात तीन डिफरन्शियले असतात: पुढे, मागे आणि मध्ये. त्यांची तेले सेंटिस्टोक या मापाने विकत मिळतात. पाण्याचे माप सुमारे एक, तर ही तेले काही हजारांपासून लाखापर्यंत. मधले तेल फार पातळ असेल, तर पुढची चाके उसळून हलकी झाली की सगळा जोर तिकडेच वाया जातो. ते घट्ट केले की मागची चाकेही ओढतात. मागचे तेल फार घट्ट केले तर वेग देताच शेपूट बाहेर पडते. सुट्या मुरमावर मागे पातळच बरे. एका वेळी एकाच डबीतले तेल बदलावे, नाही तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

शाळेत असा ट्रक मिळाला तर तो बंद ठेवून उचलून धरा. मधला दांडा एका मुलाला घट्ट पकडू द्या आणि मागचे एक चाक बोटाने पुढे फिरवा. समोरचे चाक उलटे फिरेल. तेल पातळ असेल तर बोटाला काहीच जाणवणार नाही. घट्ट असेल तर चाक काकवीत बुडवल्यासारखे जड लागेल.