ड्रग मास्टर

ड्रग मास्टर : रुग्णालयाच्या किंवा औषध दुकानाच्या संगणक प्रणालीत प्रत्येक औषधाची कायम माहिती जिच्यात ठेवलेली असते, ती मूळ फाईल. काउंटरवर तिला ‘आयटम मास्टर’ किंवा नुसते ‘मास्टर’ म्हणतात. डॉक्टर पडद्यावर औषध निवडतात, फार्मासिस्ट ते देतो, बिल निघते, साठा वजा होतो, अ‍ॅलर्जी असेल तर सूचना झळकते. ही सगळी कामे याच फाईलच्या भरवशावर चालतात. चिठ्ठीवर झालेली चूक एका रुग्णाला भोवते. मास्टरमध्ये शिरलेली चूक कोणाच्या लक्षात येईपर्यंत ते औषध घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाकडे जात राहते. एवढे असूनही बहुतेक ठिकाणी हे काम नव्या प्रणालीच्या घाईत, जुन्या एक्सेल फाईलवरून, औषधांशी संबंध नसलेल्या माणसाकडून उरकून घेतले जाते. ते नोंदणीकृत फार्मासिस्टने करावे आणि दुसऱ्या फार्मासिस्टने ओळीओळीने तपासावे, हे या नोंदीत पुढे येणाऱ्या प्रत्येक उदाहरणावरून दिसेल.

मानेसरचा संदर्भ : या नोंदीतील काही उदाहरणे मानेसरच्या कामगारांच्या दवाखान्यांची आहेत, म्हणून आधी त्या ठिकाणाची ओळख. हरियाणातील गुरुग्राम जिल्ह्यात, दिल्ली–जयपूर महामार्गावर मानेसरची औद्योगिक नगरी आहे. मारुती सुझुकीचा कारखाना, वाहनांचे सुटे भाग बनवणारे शेकडो कारखाने आणि तीन पाळ्यांत काम करणारा, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेला कामगार ही तिची ओळख. या कामगारांच्या औषधोपचाराचा मोठा भार कर्मचारी राज्य विमा महामंडळावर, म्हणजे बोलीतल्या ‘ईएसआय’वर आहे. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही योजना महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना लागू होते. महामंडळाचे रुग्णालय मानेसरातही आहे, आणि त्याच्या ‘पंचदीप’ या संगणकीकरण प्रकल्पातील रुग्णालयांचा भाग ‘धन्वंतरी’ या नावाने ओळखला जातो.

ईएसआयच्या दवाखान्यात मास्टर कसा बांधावा, हे तिथल्या खरेदीच्या पद्धतीवरून ठरते. औषधे दरकराराने, मूळ औषधाच्या नावाने घेतली जातात. पुरवठादार बदलला की तेच औषध वेगळ्या नावाने, वेगळ्या रंगाच्या पट्टीत येते. रक्तदाबाची पांढरी गोळी घेणाऱ्या कामगाराच्या हातात पुढच्या खेपेला पिवळी गोळी पडते. ‘औषध बदललं का?’ असे तो विचारतो, किंवा न विचारता जुनी आणि नवी दोन्ही घेत राहतो. मास्टरमध्ये ब्रँड त्याच्या मूळ औषधाला बांधलेला असेल आणि पिशवीवरच्या लेबलावर मूळ नाव ठळक छापले जात असेल, तर हा गोंधळ काउंटरवरच मिटतो. पाळ्यांचेही तसेच. ‘सकाळी एक, रात्री एक’ हे वाक्य रात्रपाळीवरून सकाळी सातला खोलीवर येऊन झोपणाऱ्या माणसाला लागू पडत नाही. म्हणून मात्रेच्या वेळांच्या तयार वाक्यांत ‘उठल्यावर’, ‘झोपण्यापूर्वी’, ‘दर १२ तासांनी’ असे पर्याय भरून ठेवावे लागतात, आणि ते हिंदीत छापण्याची सोयही.

रचना : चांगला मास्टर एकाखाली एक अशा पायऱ्यांचा असतो. सर्वांत वर घटकद्रव्य, उदाहरणार्थ पॅरासिटामॉल. त्याखाली ताकद आणि रूप, म्हणजे ५०० मिलिग्रॅमची गोळी. त्याखाली ब्रँड, मग पॅकिंग. बॅच क्रमांक, एक्स्पायरी आणि त्या खेपेची एमआरपी मात्र मास्टरमध्ये बसत नाहीत. त्या साठ्याच्या नोंदी आहेत आणि दर खेपेला बदलतात. पायऱ्या न पाडता सगळे एका ओळीत कोंबले की एकाच औषधाच्या पाच ओळी तयार होतात: कोणी ‘पीसीएम ५००’ लिहिलेले, कोणी ‘पॅरासिटामॉल टॅब’, कोणी कंपनीच्या नावाने. मग एका ओळीत साठा शून्य दिसतो, दुसरीत हजारो गोळ्या पडून असतात, आणि खिडकीवरचा माणूस रुग्णाला बाहेरून आणायला सांगतो.

घटकद्रव्यांची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण सुरक्षेच्या सूचना तिच्यावरून निघतात. अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या ६२५ च्या गोळीचे पाहा. हा आकडा ५०० आणि १२५ यांची बेरीज आहे. नोंद करणाऱ्याने ताकदीच्या रकान्यात नुसते ६२५ भरले आणि घटकांचा रकाना रिकामा ठेवला, तर बिल बिनचूक निघेल, साठाही जुळेल. पण रुग्णाच्या कागदावर ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ असे लिहिलेले असूनही पडदा गप्प बसेल, कारण या गोळीत पेनिसिलिनच्या कुळातले औषध आहे हे यंत्राला कोणी सांगितलेलेच नसेल. भारतात अनेक घटक एकत्र केलेल्या गोळ्या अतोनात आहेत. सर्दीच्या एका गोळीत पॅरासिटामॉल असते, अंगदुखीच्या दुसऱ्या गोळीतही असते. दोन्ही एकाच चिठ्ठीवर आल्या तर दिवसाची बेरीज किती होते, हे घटकवार नोंदीवरूनच कळते.

ताकद आणि एकक : मास्टरमधल्या घातक चुका बहुतेक इथे होतात, म्हणून थोडे थांबून पाहू. भारतात इन्सुलिनची बाटली सहसा दर मिलिलिटरला ४० युनिटची असते आणि पेनमधले काडतूस दर मिलिलिटरला १०० युनिटचे. १० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० युनिट असतात, ३ मिलिलिटरच्या काडतुसात ३००. सकाळी २० आणि संध्याकाळी १० युनिट घेणाऱ्या रुग्णाला ३० दिवसांसाठी ९०० युनिट लागतात, म्हणजे तीन बाटल्या. मास्टरमध्ये बाटलीपुढे ४० ऐवजी १०० लिहिले गेले असेल, तर यंत्राच्या हिशेबाने एका बाटलीत १,००० युनिट भरतील. ते एकच बाटली देईल, आणि चौदाव्या दिवशी ती रिकामी होईल. सिरिंजची ओळ चुकीच्या इन्सुलिनला जोडली गेली तर प्रकरण याहून गंभीर होते. ४० च्या सिरिंजने १०० चे इन्सुलिन २० च्या खुणेपर्यंत भरले तर अंगात ५० युनिट जातात. उलट १०० च्या सिरिंजने ४० चे इन्सुलिन २० पर्यंत भरले तर फक्त ८. पहिल्या चुकीत साखर इतकी उतरू शकते की माणूस झोपेतून उठत नाही. लाल टोपणाची सिरिंज ४० ची आणि केशरी टोपणाची १०० ची, हे काउंटरवर सगळ्यांना पाठ असते. ते फाईलमध्येही उतरायला हवे.

लहान मुलांची पातळ औषधे अशीच. पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमचे मिळते, ५ मिलिलिटरला २५० चेही मिळते, आणि ड्रॉप्स १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे. १० किलो वजनाच्या बाळाला १५० मिलिग्रॅम द्यायचे, तर पहिल्याचे सव्वासहा मिलिलिटर, दुसऱ्याचे तीन आणि ड्रॉप्सचे दीड मिलिलिटर होतात. मास्टरमध्ये ‘पॅरासिटामॉल सिरप’ एवढीच ओळ असेल, तर यंत्र यातले कोणते प्रमाण धरेल? म्हणून पातळ औषधाची ताकद नेहमी दोन आकड्यांत, अमुक मिलिलिटरला तमुक मिलिग्रॅम अशी भरतात.

दशांश चिन्हाचा नियम सोपा आहे आणि तो मोडू नये: पूर्णांकानंतर दशांश शून्य लावायचे नाही, आणि एकाहून कमी आकड्याआधी शून्य टाळायचे नाही. ५.० मधला ठिपका पुसट छापला की ५० होतात; .५ मधला ठिपका हरवला की ५ उरतात. थायरॉईडची गोळी मायक्रोग्रॅममध्येच लिहावी. ५० मायक्रोग्रॅम हे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा वाचायला निर्धोक आहे.

मोजण्याचे एककही एकच ठरवावे लागते. मानेसरच्या काउंटरवर गोळ्यांच्या पट्टीला ‘पत्ता’ म्हणतात, पुण्यात कोणी ‘पाकीट’ म्हणेल, कोणी ‘स्ट्रिप’. बोलताना काहीही म्हणा. फाईलमध्ये देण्याचे एकक ‘एक गोळी’ हवे, आणि पट्टीत गोळ्या १० आहेत की १५, हा आकडा शेजारच्या रकान्यात. थायरॉईडच्या १०० गोळ्यांच्या बाटलीला ‘नग १’ असे टाकले आणि डॉक्टरांनी ३० गोळ्या लिहिल्या, तर यंत्र ३० बाटल्या वजा करते.

मेथोट्रेक्झेट : या एका औषधाला वेगळा परिच्छेद द्यावाच लागतो. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घेतात. बहुतेक प्रणालींत मात्रेच्या रकान्यात ‘रोज’ हे आधीच भरलेले असते; ते तसेच राहिले आणि रुग्णाने आठवड्याची मात्रा रोज घेतली, तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कोसळतात आणि मृत्यूही ओढवतो. म्हणून मास्टरमध्ये याचा आपोआप येणारा पर्याय ‘आठवड्यातून एकदा’ असा ठेवतात, वार निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही अशी अट घालतात, आणि रोज देण्याचे कारण कर्करोगावरचा उपचार असेल तर ते लिहायला लावतात. ही व्यवस्था लावायला फार तर अर्धा तास लागतो.

सारखी नावे : २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने कॅडिला हेल्थकेअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स या खटल्यात ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या मलेरियावरील दोन औषधांच्या नावांचा विचार केला. खटला व्यापारचिन्हाचा होता, पण औषधांच्या नावांतील साधर्म्य इतर वस्तूंपेक्षा कडक निकषाने तपासले पाहिजे, कारण इथे गोंधळाची किंमत जीव असते, हे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. पडद्यावर हा गोंधळ आणखी वाढतो. रोमन लिपीत पहिली तीन अक्षरे टंकली की मेटफॉर्मिन, मेट्रोनिडाझोल, मेटोप्रोलोल आणि मेथोट्रेक्झेट एकाखाली एक उभी राहतात. बोट एका ओळीने घसरले की मधुमेहाच्या जागी जंतुसंसर्गाचे औषध. शोधासाठी किमान पाच अक्षरांची सक्ती करणे हा एक उपाय. हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रालाझिन यांसारख्या जोड्यांत वेगळी पडणारी अक्षरे मोठ्या लिपीत छापणे हा दुसरा. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे हिंदी किंवा मराठी लेबलावर हे काम ठळक ठशाने किंवा रंगाने करावे लागते. या बाजूकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

कायद्याचे रकाने : औषध नियम, १९४५ मधील अनुसूची मास्टरमध्ये नोंदवावीच लागते. अनुसूची ‘एच’मधील औषध चिठ्ठीशिवाय देता येत नाही. ‘एच-१’ ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून लागू झाली. सुरुवातीला तिच्यात ४६ औषधे होती, त्यांत वरच्या पिढीची प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधेही आहेत. ती देताना डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची वेगळी नोंदवही ठेवायची आणि तीन वर्षे जपायची. मास्टरमध्ये ‘एच-१’ची खूण बरोबर असेल तर ही वही आपोआप भरते. खूण विसरली तर वहीत ती विक्री कधी झालीच नाही, असे दिसते. याखेरीज कमाल किंमत ठरलेल्या औषधांची खूण, साठवणीचे तापमान आणि कराचा दर हे रकाने लागतात. कराच्या आणि कमाल किमतीच्या रकान्याला ‘कधीपासून लागू’ ही तारीख जोडलेली हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तर ३३ जीवरक्षक औषधांवरचा शून्य. ज्यांच्या फाईलमध्ये तारखेचा रकाना नव्हता, त्यांना जुन्या बिलांचे परतावे जुन्या दराने काढणे जड जाते.

बॅच : मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या सुरुवातीला दूषित ग्लिसरॉल पोटात गेल्याने १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेच द्रव्य खोकल्याच्या एका सिरपमध्ये सापडले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात मुले दगावली, आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘एसआर-१३’ या बॅचचा वापर ताबडतोब थांबवण्याची सूचना काढली. अशी सूचना येते तेव्हा विचारायचे प्रश्न दोनच असतात: ही बॅच आपल्याकडे आहे का, आणि कोणाकोणाला दिली? खरेदीच्या वेळी बॅच नोंदवली पण देताना ‘कोणतीही चालेल’ अशी मुभा ठेवली, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते, दुसऱ्याचे नाही. मास्टरमध्ये ‘बॅचनिहाय वितरण सक्तीचे’ ही खूण असते, ती याचसाठी. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडांच्या वेष्टनावर क्यूआर कोड बंधनकारक आहे; तो वाचून घेणारी प्रणाली असेल तर बॅच आणि एक्स्पायरी हाताने टंकावी लागत नाही.

संकेतांक : प्रत्येक रुग्णालयाने आपापले क्रमांक पाडले तर मानेसरातल्या कामगाराची औषधांची यादी त्याच्या गावच्या दवाखान्याला वाचता येत नाही. यासाठी देशभर चालतील असे औषधांचे सामायिक संकेतांक पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय संसाधन केंद्राने तयार केले आहेत. ते स्नोमेड सीटी या आंतरराष्ट्रीय परिभाषेवर उभे आहेत. ती चालवणाऱ्या संस्थेचा भारत २०१४ पासून सदस्य आहे. नवा मास्टर बांधताना हा संकेतांक पहिल्या दिवसापासून भरावा. नंतर हजारो ओळींना तो जोडत बसणे महिनोन्‌महिने चालते.

देखभाल : औषध बंद झाले तरी त्याची ओळ पुसायची नसते. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ वर. त्या ओळी पुसल्या तर त्या औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या अनाथ होतात, आणि रुग्णाने दोन वर्षांपूर्वी काय घेतले होते ते दिसेनासे होते. ओळ निष्क्रिय करायची. कारण, तारीख आणि करणाऱ्याचे नाव लिहायचे. नवी ओळ उघडताना एकाने भरायची आणि दुसऱ्याने हातात प्रत्यक्ष पट्टी किंवा बाटली घेऊन, तिच्यावरचे छापील अक्षर पडद्याशी जुळवून ती खुली करायची. बीजकावरून तपासणी करू नये, कारण बीजकावर पुरवठादाराने स्वतःचे संक्षेप लिहिलेले असतात. खुली केल्यावर एक खोटी चिठ्ठी चालवून लेबल छापून पाहतात: नाव तुटले का, ताकद दुसऱ्या ओळीत गेली का, ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द पूर्ण आले का. ५० मिलिमीटर रुंदीच्या लेबलावर लांब नाव मावत नाही आणि शेवटी असलेली ताकदच कापली जाते, ही नेहमीची अडचण आहे. त्यावर लेबलासाठी वेगळे छोटे नाव ठेवतात, आणि त्यात ताकद नावाला लागूनच लिहितात.