थंडीनंतरची बाग: खान्देशातील केळी आणि लागवडीचे दोन हंगाम

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत पसरलेल्या रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांची ओळख केळीशी जोडली गेली असली, तरी केळ हे मुळात उष्ण व दमट प्रदेशातले झाड असल्याने, येथील केळीचा इतिहास हा थंडीने खचलेली बाग पुन्हा उभी करण्याचाही इतिहास आहे. हरळीसारखे गवत थंडीत पिवळे पडून निपचित राहते आणि ऊब येताच जमिनीलगतच्या कांड्यांतून पुन्हा फुटते. केळीला अशी विश्रांती नाही. तापमान १६ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागले की तिची वाढ मंदावते, १० अंशांच्या सुमारास ती जवळजवळ थांबते, आणि उबदार दिवसांत साधारण आठवड्याला येणारे नवे पान कित्येक दिवस पोग्यातच, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळीतच, अडकून राहते.

भुसावळहून खांडव्यामार्गे जबलपूरला जाणारा लोहमार्ग १८७० मध्ये पूर्ण झाला, तेव्हा खान्देशची ख्याती कापसाची होती. पुढे याच मार्गावरील रावेर, निंभोरा, सावदा या स्थानकांतून केळीच्या वाघिणी भरभरून उत्तरेकडे जाऊ लागल्या. या विस्ताराच्या काळात बसराई या बुटक्या जातीभोवती लागवडीचे दोन हंगाम रूढ झाले: पावसाळ्याच्या तोंडाशी लावली जाणारी मृगबाग आणि ऑक्टोबरच्या सुमाराची कांदेबाग. निसवणीनंतर, म्हणजे खोडातून केळफूल बाहेर पडल्यानंतर, झाडाला एकही नवे पान येत नाही, आणि म्हणूनच या दोन हंगामांचे महत्त्व मोठे आहे. कांदेबागेतील कोवळी रोपे थंडीत खुरटली तरी फेब्रुवारीनंतर नवी पाने काढून सावरतात. निसवणीत सापडलेल्या झाडाला मात्र उरलेल्या पानांवरच घड पोसावा लागतो.

कंदापासून वाढवलेली बसराई सावकाश वाढत असल्याने मृगबागेची निसवण बहुधा थंडी सरल्यावर होई. १९९० च्या दशकात जळगावात ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत पेशीसमूहापासून तयार केलेली, रोपे आणि ठिबक सिंचन आले, पीक सुमारे वर्षभरात कापणीला येऊ लागले, आणि त्याबरोबर मृगबागेची निसवण नेमकी कडाक्याच्या थंडीत सरकली. उत्पादनाच्या वाढीचे कौतुक रास्तच आहे, पण या बदलाची नोंद त्या मानाने फारच कमी घेतली गेली.

थंडी रोखण्याचे उपाय मात्र जुनेच आहेत. बागेभोवती शेवरीची किंवा उंच गवताची वारारोधक ओळ लावतात, रात्री विहिरीचे पाणी देतात, कारण ते थंडावलेल्या जमिनीपेक्षा उबदार असते, आणि पहाटे बांधावर ओला काडीकचरा धुमसत ठेवतात, ज्याच्या धुराच्या थरामुळे जमिनीची उष्णता लवकर उडून जात नाही, असे मानले जाते. थंडी ओसरल्यावर करप्याने, म्हणजे पानांवर ठिपके पाडणाऱ्या बुरशीने, ग्रासलेला भाग कापून बागेबाहेर नेतात, निंबोळी पेंड व पालाश देतात आणि अन्न वाटून घेणारी पिले, म्हणजे बुंध्यालगतचे नवे फुटवे, काढतात. जिथे मुख्य झाडाची आशा उरलेली नसते, तिथे एक जोमदार पील राखून पिलबाग धरली जाते.

अलीकडे या नुकसानीला विम्याचे मोजमाप मिळाले आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत हिवाळ्यात सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली गेल्यास भरपाई देय ठरत आली आहे. परंतु पारा आठवडाभर ९ अंशांवर रेंगाळला, तरी निसवणीतला घड खोडात अडकू शकतो, आणि ती हानी या मोजमापाबाहेर राहते.