एकमत व्हायला वेळ लागतो

मंडळी, आमचं खापा तसं जुनं गाव. कन्हान नदीच्या काठचं, विणकरांचं, आणि नगरपालिका थेट १८६७ पासूनची! गल्लोगल्ली मंडळं, बचत गट आहेत. पण दोन मंडळांना एकत्र काम करा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, अध्यक्ष कोण? (तुमच्या सोसायटीतही हेच चालत असणार, पैज लावतो.) म्हणून या वीकएंडला विदर्भातल्याच दुसऱ्या टोकाच्या एका गावाबद्दल.

मेंढा (लेखा). गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं, जेमतेम शंभरेक घरांचं गोंड गाव. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांच्या योजनांविरुद्ध इथले आदिवासी उभे राहिले. धरणं तेव्हा झाली नाहीत. आता अशा वेळी सहसा काय होतं? विरोधासाठी जमलेली माणसं विरोध संपला की पांगतात. मेंढा गावात ती एकत्र राहिली.

कशी? त्यांनी अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवले. अभ्यासगटात कोणीही या, बाहेरचा असला तरी चालेल. कायदा काय म्हणतो, जंगल कसं राखायचं, हवं तेवढं बोला. पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. कोणाचा विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला. गावचे देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावासोबत ही पद्धत वर्षानुवर्षं रुजवली. दारूबंदीवर एकमत व्हायलाही असाच बराच काळ गेला.

आपल्या डेडलाईनवाल्या डोक्याला हे झेपत नाही. मीटिंगमध्ये हात वर, सहा विरुद्ध चार, विषय संपला! पण ते चार जण नंतर काय करतात, ते प्रत्येक प्रोजेक्टमध्ये दिसतंच की. बहुमताने वाचवलेला वेळ पुढे व्याजासकट फेडावा लागतो. मेंढा गावात भांडण आधी, काम नंतर.

त्याचं फळ मिळालं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. तरी बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि त्यासाठी पुन्हा भांडावं लागलं. ती परवान्यांची पुस्तिका २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा हातात पडली.

असो. एका गावाचं जमलं, पण अनेक गावांचं कसं जमणार? त्याच जिल्ह्यातल्या कोरची तालुक्यात हा प्रश्न तेंदूपत्त्यावरून आला. उन्हाळ्यात पानं तोडून मिळणारा पैसा म्हणजे इथल्या घरातली मोठी रोख रक्कम. एकटी ग्रामसभा ठेकेदारापुढे लहानच. म्हणून नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. गंमत म्हणजे ही महाग्रामसभा कुणाची साहेब नाही. जंगल ज्याचं त्याचं, ग्रामसभाही ज्याची त्याची. एकट्याने न जमणारं तेवढंच वर जातं.

अध्यक्ष कोण, हा प्रश्न मग आपोआप मागे पडतो. आपल्याकडे एवढं तरी करून बघता येईल: पुढच्या मीटिंगच्या आधी एक बैठक अशी, जिथे निर्णय घ्यायचाच नाही. फक्त समजून घ्यायचं.