ब्रिटिश कार्यकारी सत्ता

ग्रेट ब्रिटनच्या शासनव्यवस्थेत कायद्यांची अंमलबजावणी, संरक्षण, परराष्ट्रव्यवहार व सर्वसाधारण प्रशासन सांभाळणारे अंग. औपचारिक दृष्ट्या ही सत्ता राजपदाच्या ठायी आहे. प्रत्यक्षात पंतप्रधान व मंत्रिमंडळ ती राजाच्या नावाने वापरतात. हे स्थित्यंतर कोणत्याही एका लिखित संविधानाने घडवून आणलेले नाही. काही अधिनियम, काही न्यायनिर्णय व बहुतांशी संकेत यांतून ते घडले. परिणामतः या सत्तेच्या मर्यादा कोणी ठरवावयाच्या, हा प्रश्न ब्रिटिश इतिहासात वारंवार उपस्थित झाला आहे.

सतराव्या शतकात राजा प्रिव्ही कौन्सिलच्या साहाय्याने कारभार पाही. केवळ उद्‍घोषणा काढून राजाला नवा गुन्हा निर्माण करता येणार नाही, असे न्यायाधीश एडवर्ड कोक व त्याच्या सहकाऱ्यांनी १६१० मध्ये स्पष्ट केले. पहिल्या चार्ल्‌सचा शिरच्छेद (१६४९) व दुसऱ्या जेम्सचे पलायन (१६८८) यांनंतर १६८९ च्या हक्कांच्या सनदेने कायदे स्थगित करणे, संसदेच्या संमतीवाचून कर बसविणे व शांततेच्या काळी खडे सैन्य बाळगणे बेकायदा ठरविले. तथापि मंत्री नेमण्याचा व धोरण आखण्याचा राजाचा अधिकार सनदेने काढून घेतला नाही.

तो अधिकार पुढे हळूहळू संपुष्टात आला. पहिला जॉर्ज मंत्र्यांच्या बैठकींस उपस्थित राहीनासा झाला व मंत्रिमंडळाचे नेतृत्व प्रमुख मंत्र्याकडे गेले. रॉबर्ट वॉल्पोल (कार. १७२१–४२) हा पहिला पंतप्रधान मानण्यात येतो. कॉमन्स सभेतील बहुमत ढळताच त्याने राजीनामा दिला. अमेरिकेतील युद्धाच्या अपयशानंतर लॉर्ड नॉर्थ यासही १७८२ मध्ये, तिसऱ्या जॉर्जची इच्छा नसताना, पद सोडावे लागले. चौथ्या विल्यमने १८३४ मध्ये मेलबर्नचे मंत्रिमंडळ दूर करून रॉबर्ट पील यास पाचारण केले. परंतु निवडणुकीनंतरही पीलला बहुमत लाभले नाही व १८३५ मध्ये मेलबर्न पुन्हा सत्तेवर आला. त्यानंतर कोणत्याही राजाने मंत्रिमंडळ बडतर्फ केलेले नाही.

राजाकडून निसटलेली सत्ता संसदेकडे गेली, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. कार्यकारी व वैधानिक सत्तांचा जवळजवळ संपूर्ण मिलाफ हे या व्यवस्थेचे मर्म होय, असे वॉल्टर बॅजट याने १८६७ मध्ये प्रतिपादिले. मताधिकार विस्तारला, पक्षशिस्त कडक झाली आणि मंत्रिमंडळावर अंकुश ठेवणारी कॉमन्स सभा बव्हंशी त्याच्याच अनुयायांनी भरू लागली. नॉर्थकोट–ट्रेव्हेल्यन अहवालाने (१८५४) पुरस्कारिलेली खुली स्पर्धा १८७० पासून रूढ होऊन कायम सनदी सेवा उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लॉइड जॉर्ज याने १९१६ मध्ये मंत्रिमंडळाचे सचिवालय स्थापिले. तोवर बैठकींची नियमित टिपणेही ठेवली जात नसत.

असे असले, तरी हा अंकुश नाममात्र नाही. २८ मार्च १९७९ रोजी जेम्स कॅलाहन यांचे मजूर पक्षीय सरकार अविश्वासाच्या ठरावावर ३११ विरुद्ध ३१० अशा एका मताने पडले. सिरियातील लष्करी कारवाईचा प्रस्ताव २०१३ मध्ये कॉमन्स सभेने फेटाळला आणि सरकारने माघार घेतली. न्यायालयांनीही मर्यादा आखून दिल्या. यूरोपीय संघातून बाहेर पडण्याची सूचना संसदेच्या अधिनियमावाचून देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले. बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून झालेली संसदेची सत्रसमाप्ती २०१९ मध्ये अकरा न्यायाधीशांनी एकमताने बेकायदा ठरविली. उलट २०२२ च्या अधिनियमाने संसद विसर्जित करण्याचा राजाचा परमाधिकार पुन्हा प्रस्थापित केला व त्याचा वापर न्यायालयीन छाननीबाहेर ठेवला.

भारताने मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी संविधानाच्या ७५ व्या अनुच्छेदात लेखनिविष्ट केली. ब्रिटनमध्ये तिचा आधार आजही संकेताचाच आहे. संकेतभंगाला न्यायालयात दाद नसते. म्हणून तेथे कार्यकारी सत्तेचा संयम अखेरीस संसदसदस्यांच्या जागरूकतेवर व लोकमतावर अवलंबून राहतो.