तळटीप : ‘न्यूटन खोटा ठरला’
* लेखकाचे हे विधान जरा उतावीळ आहे. बुधाच्या कक्षेतला सूर्याला सर्वात जवळचा बिंदू शतकाला ४३ विकला जादा सरकतो. न्यूटनच्या नियमाने न लागणारा हा हिशेब आइन्स्टाइनने १९१५ मध्ये लावला. एरवीचे ग्रहगणित अजूनही बहुतेक न्यूटनचेच. पुढे उल्लेखिलेली फेब्रुवारी १९६२ची अष्टग्रही ही निराळी जात. मकर राशीत आठ ‘ग्रह’ जमणार म्हणून जगबुडीच्या धास्तीने देशात ठिकठिकाणी यज्ञ झाले. त्या आठांत सूर्य-चंद्र धरलेले, शिवाय केतू. आणि केतू म्हणजे चंद्राचा मार्ग क्रांतिवृत्ताला छेदतो तो नुसता बिंदू, त्याला वजन कुठले? खरा ग्रह घ्यायचा तर शुक्र अगदी जवळ आला तरी त्याने येणारी भरती चंद्राच्या भरतीच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतकीही भरत नाही. हे गणित न्यूटनच्याच सूत्राने होते. — संपा.